नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत
(कथा व नाटिका लिहिणाऱ्यांसाठी एक अभ्यासपाठ)



मराठी भाषेत एका मात्रेने केवढा फरक पडतो पाहा! बाळाचे 'नाव ठेवणे' हा घरादाराच्या आनंदाचा सोहळा; परंतु कोणाला 'नावे ठेवणे' म्हणजे त्याचे दोष काढीत बसणे. नाताळ अंकासाठी कथा लिहिणारे, तरुण संघासाठी नाटिका रचणारे, शब्बाथशाळेतील मुलांसाठी गोष्टी तयार करणारे आपले कित्येक बंधुभगिनी पात्राचे नाव ठेवावयास बसतात आणि नकळत त्याला नावे ठेवून उठतात. सज्जनाचे नाव 'विश्वास' ठेवले आणि दुर्जनाला कानाला खुपणारे एखादे नाव दिले, की कथा पहिल्याच पानावर संपली असे समजावे. वाचकाला निकाल आधीच कळलेला असतो.

पात्राचे नाव अर्थपूर्ण असावे यात शंका नाही. पण अर्थपूर्ण नाव म्हणजे निकाल नव्हे. ते एक दार आहे. त्या दारातून पात्र आत येते, आणि पुढे नावाप्रमाणे वागते किंवा नावाशी झगडते. पवित्र शास्त्र नावांकडे कसे पाहते, हे या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

१. नाव कोणाला द्यावे?

प्रभू येशूने दाखल्यांतून उभ्या केलेल्या माणसांना सहसा नावे दिलेली नाहीत. उधळ्या पुत्राचे नाव आपल्याला ठाऊक नाही. चांगल्या शोमरोन्याचेही नाही. अपवाद एकाच पात्राचा, आणि तो एखादा राजा किंवा शास्त्री नसून श्रीमंताच्या दाराशी पडलेला, फोडांनी भरलेला भिकारी आहे. त्याचे नाव लाजर (लूक १६:१९-३१). 'देव साहाय्य करतो' असा या नावाचा अर्थ. जांभळी वस्त्रे नेसणाऱ्या श्रीमंताला मात्र नाव नाही. जगाच्या रीतीच्या हे नेमके उलट आहे. कारण जगात श्रीमंताचे नाव दारावरच्या पाटीवर असते आणि भिकाऱ्याला नावाने कोणी हाक मारीत नाही.

आपण आपल्या कथा या कसोटीवर तपासून पाहाव्यात. साहेबांचे नाव, आडनाव, हुद्दा सारे येते. पण भांडी घासणारी स्त्री शेवटपर्यंत 'मोलकरीण' राहते आणि स्मशानभूमीत खड्डा खोदणारा 'तो गडी'. कथेत ज्याला नाव मिळते त्याच्याविषयी वाचकाला आस्था वाटू लागते. म्हणून नाव कोणते द्यावे याआधी नाव कोणाला द्यावे हा प्रश्न विचारावा.

२. नाव कोणी ठेवले?

नाव आकाशातून पडत नाही. कोणीतरी ते ठेवलेले असते, आणि ठेवणाऱ्याचे मन त्यात उतरलेले असते. राहेल प्रसूतीच्या वेदनांत प्राण सोडताना आपल्या बाळाचे नाव 'बेनओनी', म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असे ठेवते. याकोब त्याच बाळाला 'बन्यामीन', म्हणजे उजव्या हाताचा पुत्र, म्हणतो (उत्पत्ती ३५:१८). बाळ एकच, पण दोन नावांतून मरणाऱ्या आईचे आणि पाठीमागे उरलेल्या बापाचे मन दिसते. बापाने त्या बाळावर जन्मभराचे दुःख लादू दिले नाही.

पात्राचे नाव निवडताना लेखकाने स्वतःची आवड बाजूला ठेवून विचारावे : हे नाव आजीने ठेवले की आत्याने? पाळकांनी सुचविले की बापाने हट्टाने ठेवले? जन्म कोणत्या साली, कोणत्या गावी झाला? आपल्या समाजात नावांच्याही अनेक परी आहेत. वसईच्या घरात लोपीस, तुस्कानो, डिमेलो ही आडनावे स्वाभाविक वाटतील. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागातील मंडळीत गायकवाड, साळवे, काळे शोभतील. भोपाळ, हैदराबाद किंवा बंगळूरला वाढलेल्या मराठी ख्रिस्ती मुलाचे घरातले नाव एक आणि शाळेतले दुसरे असू शकेल. या तपशिलाची चूक झाली तर वाचकाचा कथेवरचा विश्वास उडतो, आणि मग संदेशही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

३. अर्थ केव्हा उघडावा?

नाबालाच्या नावाचा अर्थ 'मूर्ख'. पण शास्त्रलेखक तो अर्थ आरंभीच सांगून टाकीत नाही. दाविदाचे तरुण अन्न मागावयास येतात, नाबाल त्यांचा अपमान करतो, दावीद तलवार कमरेला बांधतो, आणि मग अबीगईल दाविदाच्या पाया पडून पतीच्या नावाचा अर्थ बोलून दाखविते (१ शमुवेल २५:२५). आधी कृती, मग अर्थ, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

येथे कोणी जॉन बन्यनचे उदाहरण पुढे करील. १६७८ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणला. त्यातील हट्टी, लवचीक, विश्वासू, आशावंत ही माणसे नावाप्रमाणेच वागतात. परंतु ते रूपक आहे, आणि रूपकाचा धर्म निराळा. तरीही त्यातील यात्रेकरू सांगतो की, आज आपले नाव ख्रिस्ती असले तरी पूर्वीचे नाव 'कृपाहीन' होते. म्हणजे तेथेसुद्धा नाव बदलू शकते! रूपक सोडून समाजाचे वास्तव चित्र रेखाटताना बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत यमुना, विनायक अशी घरोघर आढळणारी नावे घेतली. सामाजिक कथा लिहिणाऱ्यांस हीच वाट सोयीची.

४. जुळ्यांची नावे

लेखकाची खरी परीक्षा जुळ्यांच्या वेळी होते. दोन नावे शेजारी आली की वाचक तुलना करू लागतो. तेव्हा एकाला प्रकाश आणि दुसऱ्याला अंधार असे वाटून देण्याचा मोह होतो.

शास्त्रातील जुळ्यांकडे पाहा. एसाव तांबूस व केसाळ जन्मला. याकोब भावाची टाच धरून बाहेर आला (उत्पत्ती २५:२४-२६). तामारेच्या जुळ्यांपैकी एकाने आधी हात बाहेर काढला, सुइणीने त्या हाताला किरमिजी धागा बांधला. पण दुसराच वाट फोडून पुढे आला. तो पेरेस, आणि धागा असलेला जेरह (उत्पत्ती ३८:२७-३०). ही नावे सद्गुण-दुर्गुणांची नाहीत. ती जन्मवेळच्या घटनेशी निगडित आहेत. पुढे काय होणार हे त्यांनी ठरविलेले नाही.

आंधळ्या बापाने 'तू कोण?' असे विचारले तेव्हा याकोबाने भावाचे नाव सांगितले. पुष्कळ वर्षांनी यब्बोकच्या उताराशी त्याला पुन्हा नाव विचारले गेले. तेव्हा त्याला स्वतःचे, टाच धरणाऱ्याचे, नाव उच्चारावे लागले, आणि मगच 'इस्राएल' हे नवे नाव मिळाले. दुसऱ्या दिवशी धावत येऊन गळ्यात पडणारा कोण? ज्याला आपण दुय्यम ठरवितो तोच एसाव. जेरहही विसरला गेला नाही. मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत पेरेसाच्या जोडीला त्याचेही नाव लिहिले आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एका दांपत्याला जुळ्या मुली झाल्या. जिची वाट पाहिली ती 'आशा'. जिची कोणालाच कल्पना नव्हती ती 'कृपा'. दोन्ही नावे गोड, दोन्ही अर्थपूर्ण. पण पहिलीवर साऱ्या घराच्या अपेक्षांचे ओझे पडले आणि दुसरी 'तू आम्हाला ठाऊकच नव्हतीस' हे लहानपणापासून हसत-हसत ऐकत राहिली. कृपा म्हणजे न मागता मिळालेले दान, हे तिला कधी आणि कोणाकडून कळेल? कथा येथून सुरू होते.

व्यवहाराच्या दोन सूचना. सुनील-अनिल, अमित-सुमित अशी यमक जुळणारी नावे आईबापांना आवडतात; पण छापील पानावर वाचकाचा गोंधळ उडतो. जुळ्यांच्या नावांचे आद्याक्षर आणि उच्चार भिन्न ठेवावेत. कथेला यमकच हवे असेल, तर एकाला घरगुती हाक द्यावी.

आणखी एक जुळा आठवावा. थोमा या अरामी नावाचा आणि दिदुम या ग्रीक नावाचा अर्थ एकच : जुळा. त्याचे जुळे भावंड कोण, हे शास्त्र सांगत नाही. 'संशयी' हे विशेषण मात्र शास्त्राने त्याच्या नावाला जोडलेले नाही. ते आपण चिकटविले. प्रभूबरोबर मरावयास जाऊ असे सोबत्यांना म्हणणाराही हाच थोमा (योहान ११:१६). नावे ठेवण्याची सवय किती जुनी आहे पाहा!

५. नाव बदलते तेव्हा

होशेयाच्या मुलीचे नाव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती. मुलाचे नाव लो-अम्मी, म्हणजे माझे लोक नव्हे. पण पुढे त्या नावांतला 'लो' हा नकार गळून पडतो आणि अम्मी व रुहामा उरतात (होशेय २:१). ही फार दूरची गोष्ट आहे असे समजू नका. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून 'नकुशा' नाव ठेवलेल्या दोनशेहून अधिक मुलींना सातारा जिल्ह्यात २०११ साली समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्याआधी शाळेच्या हजेरीत रोज त्यांचा नकार पुकारला जात होता. आपल्या लेखणीतून एखादी 'नकुशा' उतरलीच, तर कथा संपेपर्यंत तिचा नकार कोणी पुसतो का, हे पाहणे लेखकाचे कर्तव्य आहे.

तथापि नावबदल हा सोपा उपाय नव्हे. पात्राने तारण स्वीकारले की पुढच्या परिच्छेदात त्याचे नाव बदलावे, असा काही लेखकांचा प्रघात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्याच नावाने ते ख्रिस्ताचे कवी झाले. नाव बदलावयाचे असेल तर त्यामागे याकोबाची रात्र हवी. त्याचप्रमाणे सावकार, दारुडा, लबाड यांना नेहमी परधर्मीयांची किंवा एखाद्या विशिष्ट जातीची नावे देणे ही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष आहे. ती कल्पित कथेतही खोटीच ठरते.

स्वाध्याय

आपली एखादी लिहिलेली कथा समोर घ्या. तीत नाव नसलेली माणसे किती, ती मोजा. प्रत्येक नावापुढे ते कोणी व का ठेवले हे एका वाक्यात लिहा. मग दुष्ट पात्राचे नाव सज्जनाला आणि सज्जनाचे दुष्टाला देऊन कथा पुन्हा वाचा. या अदलाबदलीने कथा कोसळत असेल, तर ती पात्रांच्या कृतींवर नव्हे, केवळ नावांवर उभी होती असे समजा व पुन्हा लिहावयास बसा.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. ती हाक त्यांना बाहेर नेण्यासाठी असते, कोंडण्यासाठी नव्हे. आपणही आपल्या पात्रांना तशीच हाक मारावी.