रुग्णाच्या किती जवळ उभं राहायचंय?

मनू, नीटचा निकाल लागल्यापासून तू कुणाशी धड बोलत नाहीस, असं काकू सांगत होती. नको बोलूस, पण हे वाच. एमबीबीएसला नंबर लागणार नाही याचं वाईट वाटणारच, आणि ते चार दिवसांत जाणारही नाही. पण घरात जो बेत शिजतोय ना, ‘डॉक्टर नाही तर मग काहीही, नर्सिंगला घालून टाकू’, तो मला अजिबात पटलेला नाही. नर्सिंग म्हणजे डॉक्टरकी हुकली म्हणून पदरात पाडून घ्यायची गोष्ट नाही. ज्या मुली तसं समजून येतात त्या पहिल्या वर्षातच कोमेजतात. तशा पोरी मी वॉर्डात बघते, म्हणून सांगतेय.

डिग्रीचं नाव घटकाभर बाजूला ठेव आणि स्वतःला एकच विचार : आजारी माणसाच्या किती जवळ मला उभं राहायचंय? राउंडला आलेले डॉक्टर एका खाटेपाशी काही मिनिटं असतात. सिस्टर तिथे अख्खी ड्यूटी असते. सकाळी हँडओव्हर देताना ती खाटेखाटेपाशी थांबून सांगते : सलाईन किती उरलंय, रात्रीत लघवी किती झाली, ताप कधी चढला, कोणतं इंजेक्शन द्यायचं राहिलंय. पहाटे तीनला पेशंटचा श्वास वाढलाय हे सगळ्यांत आधी तिच्याच लक्षात येतं, आणि ती वेळेवर बोलली म्हणून माणूस वाचतो. रात्रपाळी, घाण, नातेवाइकांचा आरडाओरडा हे सगळं त्यात आलंच. ते धरूनही माणसाजवळ राहावंसं वाटत असेल, तर बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं सोनं आहेत. त्याची सीईटी वेगळी असते, तिच्या तारखांवर आत्तापासून लक्ष ठेव.

तुला माणसं आवडतात, पण रक्त बघून कसंतरी होतं हे मला माहीत आहे. मग फिजिओथेरपीचा विचार कर. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगाच्या कडेला नुसतं बसवायला कित्येक दिवस लागतात. एका हाताने त्याची पाठ सावरायची, गुडघ्याला गुडघा टेकवून आधार द्यायचा आणि तोंडाने धीर देत राहायचं. तो पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा घरचे रडतात. हे काम चिकाटीचं आहे आणि तुझ्यात ती आहे. आपल्याकडे त्याचा प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो, म्हणजे तुझी परीक्षा वाया गेलेली नाही.

आणि माझं काम? लॅबमध्ये पेशंटचा चेहरा दिवसाअखेर विसरतो, नमुना मात्र विसरून चालत नाही. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं की ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, नाहीतर रक्त गोठतं आणि काउंट चुकतात. कुठलीही ट्यूब जोरात हलवली तर पेशी फुटतात, आणि त्यातून पोटॅशियम काढलं तर ते खोटंच जास्त दिसतं. त्या एका आकड्यावर डॉक्टर औषध ठरवतात, मनू. शांतपणे, नेमकेपणाने काम करणाऱ्याला ही जागा फार मानवते. खाजगीत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

पेशंटच्या जवळही न जाता आरोग्याचं काम करता येतं, हे पंचवटीच्या मुलीला मी वेगळं काय सांगू! 2027च्या सिंहस्थात रामकुंडावर लाखो माणसं उतरतील. त्यांना दिल्या जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे कुणीतरी नळापाशी उभं राहून बघणार आहे. ओटी टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, नाही झालं तर गडबड आहे. जुलाबाचे पेशंट एकाच भागातून का येताहेत, हेही कुणीतरी नकाशावर मांडणार. सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा, पदवीनंतर सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स, या वाटांचं नावही आपल्या घरात कुणी काढत नाही. मला ते फार खटकतं.

आयुर्वेदाचं कॉलेज गणेशवाडीत, घराजवळच आहे, म्हणून काका बीएएमएसचं म्हणतील. त्या शास्त्रात मन रमत असेल तरच जा. नावामागे ‘डॉ.’ लागावं एवढ्यासाठी साडेपाच वर्षं देऊ नकोस.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ‘सहा महिन्यांत पॅरामेडिकल, नोकरीची हमी’ असे फ्लेक्स चौकाचौकात दिसतील. पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे : कोर्स कुठल्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, आणि तो झाल्यावर महाराष्ट्राच्या त्या-त्या कौन्सिलमध्ये माझी नोंदणी होईल का? नर्सिंगचं कौन्सिल वेगळं, फार्मसीचं वेगळं, पॅरामेडिकलचं वेगळं. 2021मध्ये संसदेने फिजिओ, लॅब, ऑप्टोमेट्री, आहारशास्त्र अशा कामांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यामुळे यापुढे नोंदणीला महत्त्व येत जाणार. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तिथून उठून यायचं. राज्यभरातल्या आरोग्य शिक्षणाचं विद्यापीठ 1998 पासून आपल्या म्हसरूळला आहे. इतर जिल्ह्यांतली मुलं त्यासाठी एसटीने रात्र काढून येतात, आपल्याला दिंडोरी रोडने जेमतेम अर्धा तास. संलग्न कॉलेजांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा तिच्यावर विश्वास ठेव.

पैशांची चणचण आहे म्हणून छोट्या कोर्सने सुरुवात करावी लागली तरी वाट बंद होत नाही. जीएनएम केलेल्या मुलीला पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, डी.फार्म.वाल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आणि नीट पुन्हा द्यायची असेल तरी दे, पण डॉक्टर जे काम करतो तेच तुला हवं असेल तरच. काकांच्या मित्रमंडळींत मान वर राहावी म्हणून नव्हे.

या रविवारी माझी ड्यूटी नाही. सकाळी निमाणीच्या स्टँडवर ये. आमच्या हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर आणि आडगावच्या मेडिकल कॉलेजमधली माझी फिजिओ मैत्रीण, दोघी तुझ्याशी बोलायला तयार आहेत. त्यांना पगार विचार, सुट्ट्या विचार, कधी सोडून द्यावंसं वाटलं तेही विचार. प्रश्न वहीत लिहून आण. गुणपत्रिका आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखलाही घेऊन ये, त्याची मुदत संपत आली असेल तर सोमवारी लगेच सेतू केंद्रात अर्ज करू.