भ्रमणध्वनीजन्य नेत्रश्रम व शिरःशूल : औषधयोजनेपूर्वीचा विचार

प्रास्ताविक

‘डोळ्यांची आग होते, संध्याकाळी कपाळ ठणकते, अक्षरे पुसट दिसतात,’ अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आज प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. पूर्वी ही लक्षणे शिंपीकाम, सोनारकाम वा जमाखर्चाचे लेखन करणाऱ्यांत अधिक दिसत. स्मार्टफोन घरोघरी पोहोचल्यापासून, आणि विशेषतः २०२० मध्ये शाळांचे वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागल्यापासून, वय व व्यवसाय यांची ही मर्यादा राहिली नाही. प्रस्तुत लेखात या लक्षणसमूहाचा शास्त्रीय विचार करावयाचा आहे. त्याचबरोबर, औषध देण्यापूर्वी वैद्याने व औषधविक्रेत्याने काय पाहावे, याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ४२ वर्षे वयाची एक गृहिणी माझ्याकडे आली. मोबाईलवरून साड्यांच्या मागण्या नोंदवून घेण्याचा तिचा घरगुती व्यवसाय होता. दुपारनंतर भ्रूप्रदेशी वेदना, नेत्रदाह व चिडचिड ही लक्षणे होती. अम्लपित्ताचाही पूर्वेतिहास होता. पित्तानुबंधी शिरःशूल असे निदान करून मी लघुसूतशेखर, पथ्यादि क्वाथ व अणुतैलाचे नस्य यांची योजना केली. दाह कमी झाला, परंतु शिरःशूल महिनाभर तसाच राहिला. एके दिवशी औषधाच्या वेष्टनावरील मजकूर वाचण्यासाठी तिने हात लांब केला, तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानी आली. तिला चाळिशी लागली होती. जवळच्या वाचनाचा चष्मा मिळाल्यावर पंधरा दिवसांत शिरःशूल थांबला. औषधे चुकीची नव्हती. हेतूचे परीक्षण अपुरे होते.

हेतुविचार

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या पहिल्याच अध्यायात नेत्ररोगांचे सामान्य हेतू सांगितले आहेत. त्यांत सूक्ष्मनिरीक्षण, दूरेक्षण, स्वप्नविपर्यय, वेगविनिग्रह, कोप व शोक यांचा समावेश आहे. रात्री अंथरुणात पडून मोबाईल पाहणाऱ्या रुग्णात सूक्ष्मनिरीक्षण व स्वप्नविपर्यय हे दोन हेतू एकाच वेळी घडतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोगाचे विवेचन केले आहे. अतितेजस्वी वस्तू अतिमात्र पाहणे हा चक्षुरिंद्रियाचा अतियोग व अतिसमीप वस्तू पाहणे हा मिथ्यायोग होय. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांजवळ धरलेला उजळ पडदा हे या दोहोंचे उदाहरण म्हणता येईल. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायातील शिरोरोगाच्या हेतूंतही रात्रिजागरण व वेगसंधारण यांचा उल्लेख आहे.

आधुनिक दृष्टीनेही हा विचार सुसंगत ठरतो. पुस्तक आपण साधारणतः ४० सेंटिमीटरवर धरतो, तर मोबाईल पुष्कळदा २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ येतो. ४० सेंटिमीटरवरील अक्षर स्पष्ट दिसण्यासाठी नेत्राला २.५ डायॉप्टर इतके समायोजन करावे लागते; २५ सेंटिमीटरवर तेच ४ डायॉप्टर होते. हा भार नेत्रांतर्गत स्नायूंवर तासन्‌तास राहिला की भ्रू व शंखप्रदेशी वेदना उत्पन्न होते. मान पुढे झुकलेली राहिल्याने मन्या व अवटु या भागांचे स्नायू आखडतात आणि वेदना मागून डोक्यावर चढते.

संप्राप्ती

निमेषोन्मेष हे व्यानवायूचे कर्म होय. सामान्यतः मिनिटास सुमारे १५ वेळा पापण्यांची उघडझाप होते. पडद्याकडे एकाग्र होऊन पाहताना ती बहुधा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, व अनेकदा पापणी पूर्ण मिटतही नाही. त्यामुळे अश्रूंचा थर लवकर सुकतो व नेत्राला रूक्षता येते. वातप्रकोपाबरोबर आलोचक पित्ताची दुष्टी झाल्यास दाह व प्रकाश-असहत्व ही लक्षणे जोडली जातात.

हे चित्र शुष्काक्षिपाकाशी बरेच जुळते. पापण्या मिटलेल्या राहणे, वर्त्म रूक्ष व दारुण होणे, आविल दिसणे, डोळे उघडताना कष्ट होणे ही त्याची लक्षणे आहेत. सुश्रुताने हा व्याधी वातज मानला आहे, तर वाग्भटाने वातपित्तप्रधान. मात्र मोबाईल पाहणाऱ्या प्रत्येकास शुष्काक्षिपाक झाला असे समजू नये. काहींत केवळ नेत्रश्रम असतो व विश्रांतीने तो शमतो.

परीक्षण

पुढील पाच गोष्टी चिकित्सालयात दहा मिनिटांत पाहता येतात.

१. वेदना केव्हा होते? सकाळी उठताना की पडद्यासमोर बसल्यानंतर? सुटीच्या दिवशी कमी होते काय?

२. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे झाकून दूरचे व जवळचे वाचन तपासावे. जवळच्या वाचनाचा तक्ता प्रत्येक चिकित्सालयात असावा. चष्मा असल्यास त्याचा नंबर शेवटी केव्हा तपासला, हे विचारावे.

३. रक्तदाब मोजावा.

४. झोपेची वेळ व रात्रीचा मोबाईलचा वापर यांची नोंद घ्यावी.

५. वेदनाशामक गोळ्या महिन्यातून किती दिवस घेतल्या जातात? साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ वा अधिक दिवस, आणि संयुक्त गोळ्या १० वा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच शिरःशूल टिकून राहू शकतो.

चिकित्सा

संक्षेपतः क्रियायोग म्हणजे निदानपरिवर्जन, हे सूत्र येथे अक्षरशः लागू पडते. दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट दूर किमान २० सेकंद पाहावे. पडदा हातभर अंतरावर व नजरेच्या किंचित खाली ठेवावा, अक्षरे मोठी करावीत, पापण्या जाणीवपूर्वक पूर्ण मिटाव्यात. पंख्याचा वा वातानुकूलन यंत्राचा झोत थेट डोळ्यांवर घेऊ नये. झोपण्यापूर्वी एक तास मोबाईल दूर ठेवावा. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांची जाहिरात फार होते; तथापि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत अशा काचांनी नेत्रश्रम अल्पावधीत कमी होतो, असे दिसून आले नाही. रुग्णाचा तो खर्च वाचवावा.

औषधांत पित्तानुबंधी शिरःशूलात पथ्यादि क्वाथ व लघुसूतशेखर, मलावष्टंभ असल्यास रात्री त्रिफळा, आणि नित्य पादाभ्यंग ही योजना उपयुक्त ठरते. शुष्काक्षिपाकात सुश्रुताने घृतपान, जीवनीय घृताचे तर्पण व अणुतैलाचे नस्य सांगितले आहे. तर्पण मात्र निरामावस्थेत व शोधनानंतरच करावे. दुर्दिनी, अति उष्ण वा अति शीत काळी, रुग्ण चिंताग्रस्त असताना किंवा नेत्रातील उपद्रव शांत झालेले नसताना ते निषिद्ध आहे. लाल, चिकट स्राव असलेल्या डोळ्यावर तर्पण करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

बालकांच्या बाबतीत पालकांशी स्पष्ट बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये व दोन ते चार वर्षे वयाच्या बालकास दिवसातून एक तासाहून अधिक दाखवू नये. शाळकरी मुलांना रोज उघड्या मैदानावर खेळू द्यावे. त्यामुळे लघुदृष्टीचा दोष उद्भवण्याची शक्यता कमी होते.

औषधविक्रेत्यांसाठी

‘डोळ्यांत घालायला काहीतरी द्या,’ असे म्हणणारा ग्राहक बहुधा प्रथम दुकानातच येतो. त्याला स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीवाचून कदापि देऊ नयेत. त्यांनी लाली त्वरित जाते, म्हणून रुग्ण तेच पुनःपुन्हा मागतो. पुढे नेत्रांतर्गत दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते व मोतीबिंदूही होतो. तोच नियम आपल्या औषधांनाही लावावा. घरी गाळलेला मध, उघड्या बाटलीतील गुलाबपाणी वा निर्जंतुक नसलेला कोणताही द्रव डोळ्यांत घालण्यास देऊ नये. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य नेत्राच्या बाबतीत धोक्याचे आहे. थेंबांची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून देण्याची सवय लावावी.

तत्काळ पाठवावयाचे रुग्ण

डोळा लाल होऊन तीव्र वेदना, दिव्याभोवती रंगीत वलये व वांती, अकस्मात दृष्टी कमी होणे, एकाची दोन दिसणे, ज्वरासह मान ताठणे, हातापायांत बलहानी, पहाटे वांतीसह वाढणारा शिरःशूल, पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला शिरःशूल. यांपैकी काहीही आढळल्यास मोबाईलला दोष देत बसू नये. रुग्णास त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे अथवा रुग्णालयात पाठवावे. पित्तज अधिमंथात मिथ्या आचरणाने दृष्टी तत्काळ नष्ट होते, असा इशारा सुश्रुताने दिलेला आहे. तो चिकित्सकालाही उद्देशून आहे असे मी मानतो.

उपसंहार

भ्रमणध्वनी हा आता जीवनाचा भाग झाला आहे. तो टाकून द्या, असे सांगणे व्यवहार्य नाही. हेतू कमी करणे, दृष्टी तपासणे, औषध नेमके देणे आणि वेळेवर पाठविणे हा क्रम पाळल्यास बहुसंख्य रुग्णांस सुख लाभते. वैद्यबंधु-भगिनींनी वाचनाचा तक्ता चिकित्सालयाच्या भिंतीवर आजच लावावा, ही विनंती. माझ्या भिंतीवर तो उशिरा लागला. त्या रुग्णेचा एक महिना त्यापायी गेला.