पपई घे, वांगं घे, आणि तेलाचं पाकीट उलटून बघ

अगं, ती क्लिप मलाही आली. लालभडक टोमॅटो, पंधरा दिवस ओट्यावर ठेवला तरी सुरकुती नाही, आणि मागून तो भारदस्त आवाज: ‘तुमच्या मुलांच्या पोटात काय जातंय?’ तू लगेच टोमॅटो बंद केलेस, बिनबियांची पपई बंद केलीस, द्राक्षं बंद केलीस. पिल्लू आत्ता कुठे वरणभातावर आलंय. तुझी ही यादी अशीच वाढत गेली तर त्याच्या वाट्याला मीठभाकरच उरेल. म्हणून जरा बस. मी डॉक्टर नाही, पण माझं सासर अकोटकडचं, घरात कापूस. जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांवरची भांडणं मी पंगतीत वाढता वाढता ऐकत आले आहे.

आपल्या देशात शेतकऱ्याला दुकानातून रीतसर विकत घेता येतं असं जीएम बियाणं एकाच पिकाचं, कापसाचं. टोमॅटो नाही, पपई नाही, कलिंगड नाही. तुझा तो टिकाऊ टोमॅटो साधा संकरित वाण आहे. ट्रकमध्ये चेपू नये म्हणून जाड सालीचा निवडलेला. बेचव असतो, मान्य. पण बेचव असणं हा वेगळा गुन्हा. पपईत बिया नसतात तेव्हा बहुतेक वेळा त्या फुलात परागीभवन झालेलं नसतं, बस्स. आणि नाशिक-सांगलीची बिनबियांची द्राक्षं तर तुझ्या-माझ्या जन्माआधीपासूनची, छाट्यांवरून वाढवलेली.

छाट्यांवरून म्हणजे क्लोनच, आणि क्लोन म्हटलं की तू दचकतेस, तर हेही ऐक. आपण जीव टाकतो तो हापूस क्लोनच आहे. कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नाही, म्हणून कलम बांधतात. त्या फांदीवरचा प्रत्येक आंबा मूळ झाडाचीच नक्कल. जळगावची केळीही तशीच. बाग उभी राहते ती प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेल्या ऊती-संवर्धित रोपांवर, सगळी रोपं एका रक्ताची. त्यात धोका आहे, पण तो खाणाऱ्याला नाही, बागेला आहे. सगळी झाडं सारखी असली की एकच रोग सगळ्यांना घेऊन जातो. गेल्या शतकात ग्रो मिशेल नावाची केळी जगभराच्या बाजारात होती. पनामा रोगाने तिच्या बागाच्या बागा बसवल्या आणि व्यापाऱ्यांना दुसरा वाण धरावा लागला.

जनावरांचं मात्र वेगळं, आणि तिथे माझं मन तुझ्याइतकंच कचरतं. स्कॉटलंडची डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली ती २७७ प्रयत्नांतून. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये क्लोन केलेली म्हशीची पहिली रेडी जन्मली आणि थोड्याच दिवसांत गेली. पुढे गरिमा नावाची क्लोन रेडी झाली, दुसरी गरिमा झाली, आणि त्या दुसरीला २०१३ मध्ये नेहमीसारखी गाभण राहून रेडी झाली. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २००८ मध्ये सांगून टाकलं, की क्लोन केलेल्या गाई, डुकरं, बकऱ्या आणि त्यांची पिल्लं यांचं दूध-मांस नेहमीच्यासारखंच खाण्याजोगं आहे. दुधाबद्दल मला ते पटतं. ज्या गाई-मेंढ्यांच्या पोटी हे प्रयोग होतात आणि जी पिल्लं अर्धवट वाढून मरतात, त्यांच्याबद्दल कोणी काही बोललं तर मी ऐकेन. पण क्लोन करणं इतकं महाग, की तसलं जनावर कापायला किंवा रतीबाला कोण लावेल? ते पैदाशीसाठी राखतात. तुझ्या पिशवीतल्या दुधाची काळजी त्या कारणाने करू नकोस.

आता जे खरंच घरात आलंय त्याकडे वळते. बीटी कापसाला, म्हणजे बीटी नावाच्या जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली २००२ मध्ये. आज देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटीच आहे. कापूस जिनिंगला गेला की रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. सरकीचं तेल निघतं. ते फरसाणाच्या कढईत जातं आणि पाकिटातही भरलं जातं. उरते पेंड. आमच्याकडे संध्याकाळी ती घमेल्यात भिजत घालतात. फुगून करड्या रंगाची होते, वर रुईचे तंतू तरंगतात, उग्रसर वास सुटतो, आणि तो नाकात गेला की म्हैस दावं ताणते. त्या म्हशीचं दूध आपण वीस वर्षं पितोय. भरीला बाहेरून येणारं सोयाबीन तेल. अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका इथलं सोयाबीन जवळजवळ सगळं जीएम. क्लिपवाल्याला टोमॅटो दिसला, तेलाचा डबा दिसला नाही!

घाबरलीस? नको. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन आणि जनुकं जवळपास उरतच नाहीत. आणि बीटीचं प्रथिन अळीला मारतं कारण अळीचं आतडं अल्कलीचं. तिथे ते जागं होतं, आतड्याच्या भिंतीला चिकटतं आणि भोकं पाडतं. आपल्या पोटात आम्ल, आणि ते चिकटायची जागाही नाही. ज्या जिवाणूचं हे प्रथिन, तेच जिवाणू सेंद्रिय शेतीवालेही फवारतात. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास चाळून सांगितलं, की जीएम पिकं खाल्ल्याने साध्या पिकांपेक्षा जास्त अपाय होतो याचा पुरावा सापडत नाही. गाठी आलेल्या उंदरांचे ते भयानक फोटो तुला कोणीतरी पाठवले असतीलच. ते ज्या २०१२ च्या लेखातले, तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१३ मध्ये मागे घेतला.

तरी ‘सगळं बिनघोर’ असं मी म्हणणार नाही. ॲलर्जीची शंका खरी आहे. ब्राझील नट या फळातलं जनुक एकदा सोयाबीनमध्ये घातलं होतं. तपासलं तर नटाची ॲलर्जी असलेल्यांना त्या सोयाबीनचीही निघाली. ते बाजारात येण्याआधीच थांबवलं. म्हणजे चाचणीचा उपयोग झाला, पण चाचणी केली म्हणून झाला. आणि २००० मध्ये अमेरिकेत फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी असलेला स्टारलिंक नावाचा जीएम मका माणसांच्या खाण्यात सापडला, पाकिटं परत मागवावी लागली. कागदावर वेगळं ठेवलेलं धान्य गोदामात वेगळं राहत नाही, हे कुठल्याही आडत्याला विचार.

माझा राग आहे तो ताटापेक्षा शेताबद्दल. बीटी आली तेव्हा फवारणी कमी होईल म्हणाले, आणि काही वर्षं झालीही. मग गुलाबी बोंडअळी बीटी पचवायला शिकली. औषधांचे डबे परत आले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्यावर आता तणनाशक सहन करणारं ‘चोर बीटी’, परवानगी नसलेलं, तरी हातोहात विकलं जाणारं. २०१९ मध्ये आमच्याच अकोट तालुक्यात, अकोली जहाँगीरला, शेतकरी संघटनेच्या लोकांनी ते उघड-उघड पेरलं. का, ते मला कळतं. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. पण त्या बायांचं काय, आणि बनावट पाकीट निघालं तर दाद मागायची कोणाकडे? चोरीच्या बियाण्याची पावती नसते.

बीटी वांग्याचं तुला आठवत नसेल, तू तेव्हा शाळेत होतीस. जालन्याच्या महिकोने ते तयार केलं, २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने होकार दिला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी शहरोशहरी जनसुनावण्या घेतल्या, नागपुरातही, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते बेमुदत थांबवलं. बांगलादेशात २०१४ पासून तेच वांगं शेतकरी लावतात. निर्णय बरोबर की चूक, यावर आमच्या घरात दोन तट आहेत; मी माझ्या दिराच्या बाजूची, म्हणजे लावू द्यावं पण नाव लिहून विकावं. निदान विचारलं तरी होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि तेलाबाबत आपल्याला कोणी विचारलं नाही. पाकिटबंद खाण्यात जीएम असेल तर समोरच ‘जीएम’ छापावं, असा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. तू कधी पाहिलंस? मी सरकी आणि सोयाबीनच्या तेलाची पाकिटं उलटसुलट करून बघते. मला ती दोन अक्षरं अजून भेटलेली नाहीत.

तेव्हा पिल्लाला टोमॅटो दे, पपई दे. नवा पदार्थ एका वेळी एकच दे, म्हणजे अंगावर पुरळ आलं तर कशाने ते कळेल. ही काळजी जीएम असो-नसो घ्यायचीच. भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धू, कारण आपल्या भाजीवर खरा संशय औषधाच्या फवाऱ्याचा. सरकीचं तेल नको असेल तर घाण्यावरचं शेंगदाण्याचं किंवा करडईचं घे, महाग पडतं एवढंच. आणि क्लिप पुढे पाठवण्यात वेळ घालवतेस त्याऐवजी एक काम कर. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जीएम अन्नाच्या नियमांचा मसुदा २०२१ च्या नोव्हेंबरात काढून लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. पुन्हा असं काही निघेल तेव्हा चार ओळींचं पत्र टाक: आम्ही काय खातो ते पाकिटावर ठळक लिहा. मराठीत लिहिलंस तरी चालेल, आणि खाली माझीही सही घे.