वाहतूक चालू, तपासणीही चालू

प्रश्न : पुलावरून वाहनं जात असतानाच त्याच्या आतलं नुकसान यंत्रांना कळतं म्हणे. मग ट्रकच्या धक्क्यांनी मोजणी बिघडत नाही का?
– एक वाचक, कराड

उत्तर : उलट, ते धक्केच कामाला येतात. मडकं घेताना आपण टिचकी मारून पाहतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो. पुलाला अशा टिचक्या वाहनं आणि वारा सतत मारत असतात. प्रत्येक पुलाची थरथरण्याची स्वतःची वारंवारता असते. तुळईला भेगा पडल्या, आधार खचला की पुलाचा ताठपणा घटतो आणि वारंवारता उतरते. पुलावर बसवलेले कंपनमापक हे रात्रंदिवस टिपतात.

खरी अडचण हवामानाची आहे. स्वित्झर्लंडमधला ‘झेड २४’ हा काँक्रीटचा पूल १९९८ साली पाडायचा होता. त्याआधी जवळजवळ वर्षभर त्याची कंपनं मोजली. पारा शून्याखाली गेला की डांबराचा थर कडक व्हायचा आणि वारंवारता चढायची! मग अभियंत्यांनी मुद्दाम एक खांब टप्प्याटप्प्याने खाली उतरवला, काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारा कापल्या. हिशेबातून तापमान वजा केल्यावरच हे नुकसान आकड्यांत स्पष्ट उमटलं. म्हणून पुलाच्या कंपनांची नोंद तो धडधाकट असल्यापासून, सगळ्या ऋतूंत ठेवावी लागते. आजार झाल्यावर यंत्र बसवलं, तर तुलना कशाशी करणार?

शिवाय कंपनं सगळं सांगत नाहीत. अमेरिकेत अल्बुकर्कीजवळच्या जुन्या पोलादी पुलाची मुख्य तुळई १९९३ साली चार टप्प्यांत कापून पाहिली. शेवटच्या कापापर्यंत वारंवारता ठळकपणे उतरलीच नाही. त्यामुळे सांधे, बेअरिंग, गंज डोळ्यांनी तपासणं चुकत नाही. पुलातली एकेक तार तुटण्याचा आवाज टिपणारी उपकरणंही असतात.

आपल्याकडे नजर पाण्याखालीही हवी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी बस वाहून गेल्या. पुरात खांबाच्या पायाखालची माती खरवडून जाणं, हे जगभरात पूल पडण्याचं मोठं कारण आहे. वरून रस्ता ठणठणीत दिसतो. पाण्याखालचा खड्डा ‘सोनार’ या ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजता येतो, खांब कलला तर कलमापक सांगतो. माझ्या मते नद्यांवरच्या जुन्या पुलांवर पहिला खर्च यावरच व्हावा.

तुमच्या पुलाच्या सांध्यात अचानक पायरी पडली, कठडा वाकला किंवा खांबाचा पाया उघडा पडला, तर फोटोसह सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.