लोणारचें पाणी खारें कां ?

लोणारच्या कड्यावरील धार आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिचें पाणी गोड. परंतु तें ज्या सरोवरास मिळतें तें मात्र खारट! त्या सरोवराचा पी.एच. ९.५ ते १० च्या घरांत मोजला गेला आहे. गोड्या पाण्यानें भरणारें तळें खारें कां व्हावें ?

याचें उत्तर आपल्या काळ्या खडकांत आहे. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित् आम्ल होतें आणि खडकांतील सोडियम, कॅल्शियम इत्यादि मूलद्रव्यें विरघळवितें. पाण्यांत तीं विद्युद्भारित कणांच्या रूपानें असतात. या कणांस आयन म्हणतात. सोडियमच्या आयनावर एक धनभार असतो, कॅल्शियमच्या आयनावर दोन. आकारानें दोन्ही जवळजवळ सारखे. म्हणून दुप्पट भाराचा कॅल्शियमचा आयन कार्बोनेटास घट्ट धरतो व चुनखडी होऊन तळाशीं बसतो. सोडियमचा आयन पाण्यांतच राहतो.

लोणारच्या विवरांतून पाण्यास बाहेर वाट नाहीं. केवळ वाफ उडून जाते. त्यामुळें सोडियम, उरलेलें कार्बोनेट व क्लोराइड वर्षानुवर्षें सांठत गेलें. येथील क्षार कांच व साबण करण्यास उपयोगी असल्याचा उल्लेख अकबरकालीन 'आईन-इ-अकबरी'तही आहे.

हा विषय केवळ सरोवरापुरता नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यांत, शेगांव, संग्रामपूर व जळगांव-जामोद या बाजूस खारपाण पट्टा आहे. तेथील अनेक विहिरींच्या पाण्यांत सोडियम अधिक असतें. असें पाणी शेतास वारंवार दिलें, तर सोडियमचे आयन मातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा घेतात. कॅल्शियमचा आयन आपल्या दोन भारांनीं त्या कणांस एकत्र ठेवितो. सोडियमच्या आयनास तें साधत नाहीं. कण सुटे होऊन छिद्रें बुजतात, पाणी मुरत नाहीं, आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते.

यावर उपाय म्हणून जमिनींत जिप्सम घालतात. त्यांतील कॅल्शियम सोडियमला हुसकून आपली जागा परत घेतें. परंतु सुटलेलें सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर शेताबाहेर गेलें पाहिजे. नाहीं तर खर्च व्यर्थ. म्हणून पालकांनीं विहिरीचें पाणी व शेताची माती आधीं तपासून घ्यावी, आणि निचऱ्याची चर विसरूं नये. बाहेर वाट नसलेल्या पाण्याचें काय होतें, हें लोणारनें आपणांस दाखविलेंच आहे.