विद्यार्थ्याचा वेळ आणि अभ्यासाचा क्रम

‘अभ्यास कर’ असे मुलास सांगणे सोपे आहे. ‘आज अमुक अभ्यास आधी कर’ असे सांगण्यास विचार लागतो. खेड्यांतील शाळांतून पहिले वाक्य वारंवार ऐकू येते, दुसरे क्वचितच.

खेड्यातील मुलाची संध्याकाळ मुळातच आखूड असते. शाळा सुटल्यावर पाणी भरणे, शेरडे घरी आणणे, धाकट्या भावंडास सांभाळणे ही कामे त्याची वाट पाहात असतात. मुलींच्या वाट्यास त्यांखेरीज चूल व भांडीही येतात. सुगीच्या दिवसांत तर वह्या-पुस्तकांचे दप्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडले जाते. ही आळसाची सबब नव्हे. तो संसाराचा भाग आहे. म्हणून अभ्यासाचे वेळापत्रक मुलाच्या घरच्या दिवसावर बेतले पाहिजे, भिंतीवरील छापील तक्त्यावर नव्हे.

यासाठी प्रथम वेळ मोजावा. शाळा सुटल्यापासून निजेपर्यंत काय काय केले, हे मुलांनी आठवडाभर वहीच्या मागील पानावर टिपून ठेवावे. घरी घड्याळ नसल्यास दिवेलागण, गुरे परतण्याची वेळ, मुक्कामाची एस.टी. या खुणा पुरेशा आहेत. समजा, एखाद्या मुलीचा मोकळा वेळ सव्वा तास निघाला आणि तिला चार विषयांचा गृहपाठ दिलेला असला, तर उणीव मुलीत नसून गृहपाठात आहे. बहुशिक्षकी शाळेत प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयापुरता गृहपाठ देतो. त्याची बेरीज मात्र कोणीच करीत नाही. ती मुख्याध्यापकांनी करावी.

यानंतर क्रमाचा प्रश्न. मुले सामान्यतः हाताच्या कामापासून आरंभ करतात. समास आखणे, पान उतरवून काढणे, चित्र रंगविणे यांत पाऊण तास जातो आणि भागाकाराची पाळी येते तेव्हा डोळे मिटू लागलेले असतात. ताजे डोके नकलेत खर्चावयाचे आणि थकलेले गणितात जुंपावयाचे, अशी ही उलटी व्यवस्था होय. जे समजण्यास अवघड ते आधी, उतरवून काढावयाचे ते मागाहून, असा सामान्य नियम ठेवावा. मात्र गणितास भ्यालेल्या मुलास पहिले उदाहरण सोपेच द्यावे, नाहीतर ते वहीच उघडणार नाही.

याहून अधिक दुर्लक्ष होते ते उद्या कोणी विचारणार नाही अशा कामाकडे. नकाशा उद्या दाखवावयाचा असतो म्हणून तो पुरा होतो. सात-आठाचे पाढे कच्चे असले तरी ते ‘उद्या’वर जातात आणि अपूर्णांकांच्या वेळी एकदम आडवे येतात. अशा कामास रोज दहा मिनिटे राखून ठेवावीत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाऊस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व १८८५ साली ते प्रसिद्ध केले. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्याने साधल्याचे त्यांना आढळले. पाढे निरर्थक नाहीत. तेथे हा लाभ मिळविणे अवघड नसावे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी कष्ट अधिक करतो व पदरात थोडे पाडतो.

हीच दृष्टी परीक्षागृहातही लागते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न व दीड तास धरल्यास प्रश्नामागे ७२ सेकंद येतात. हुशार मुलगा एका कूटप्रश्नावर दहा मिनिटे अडून बसतो आणि शेवटचे सोपे प्रश्न तसेच राहतात. अडलेल्या प्रश्नास खूण करून पुढे जाणे हे वर्गात मुद्दाम शिकवावे लागते, कारण अर्धवट सोडणे चांगल्या मुलांस अपमानास्पद वाटते.

एवढे करूनही गृहपाठ कधी अपुरा राहीलच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांस मनाई केली आहे. तरी चारचौघांत उभे करण्याच्या भीतीनेही मूल त्या दिवशी शाळा चुकविते. एका गणितापायी अख्खा दिवस बुडतो, आणि दिवस बुडविण्याची सवय लागलेली मुलगी पुढे घरीच राहिल्याची उदाहरणे शिक्षकांस ठाऊक आहेत. म्हणून काम राहिल्याचे कारण मुलाने समासात एका ओळीत लिहावे व शिक्षकाने ते रागावण्यापूर्वी वाचावे. त्या दिवशी परिपाठानंतर दहा मिनिटांत एकच उदाहरण वर्गात सोडवून घ्यावे आणि उरलेले माफ करावे.