परमुलखातील म्हातारपण

वृद्ध याकोब फारोपुढे उभा राहिला तेव्हा तो १३० वर्षांचा होता (उत्पत्ति ४७). मुलगा अधिकारावर, धान्याची ददात नाही. तरी आपल्या आयुष्याविषयी तो बोलला ते कष्टाचेच. शब्बाथशाळेत हा धडा शिकविताना आपण बहुधा योसेफाच्या वैभवापाशी थांबतो. या महिन्यात अमेरिकेतील कोरियन वृद्धांच्या निमित्ताने म्हाताऱ्या बापाकडे पाहू.

कोरियन मजूर १९०३ साली हवाईच्या ऊसमळ्यांवर गेले. पहिल्या जहाजातील बरेच जण इंचॉनच्या मेथडिस्ट मंडळीतले होते. मोठा ओघ मात्र १९६५ च्या कायद्यानंतरचा. नागरिक झालेल्या मुलाने आईबापांस आणावयाचे तर त्या कायद्याने संख्येची मर्यादा ठेवली नाही. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क येथे मुले-सुना किराणा किंवा कपडे धुण्याचे दुकान पहाटेपासून रात्रीपर्यंत चालवीत. नातवंडे कोणी सांभाळावी? पुष्कळ आजीआजोबा उतारवयात समुद्रापलीकडे गेले ते यासाठी.

तेथे त्यांना सलते काय? हवेची सवय होते, किमची तर तेथेही मिळते. खरी जखम मानाची. कोरियन भाषेत वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूपच बदलते. त्यांना नावाने हाक मारणे उद्धटपणाचे. इंग्रजीत आजोबांनाही 'यू' आणि दारच्या कुत्र्यालाही 'यू'! नातवंडे शाळेत जाऊ लागली की घरची भाषा इंग्रजी होते, आणि ज्याने जन्मभर घर चालविले तो दवाखान्याची चिठ्ठी वाचून घेण्यासाठी दहा वर्षांच्या नातीची वाट पाहत बसतो.

कोरियन लोकांत 'ह्वाब्योंग', म्हणजे अग्नीचा आजार, असा शब्द आहे. वर्षानुवर्षे गिळलेला राग अंगावर निघतो. छातीवर दडपण येते, अंगाची आग होते, घशात गोळा अडकल्यासारखे वाटते. उतारवयाकडे झुकलेल्या बायकांत हे अधिक. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. 'मी दुःखी आहे' म्हणण्याची लाज वाटते, म्हणून छातीला बोलावे लागते.

अशांना मंडळीचा मोठा आधार असतो. आठवडाभर नुसती मुले सांभाळणारी आजी रविवारी 'क्वोन्सा' असते, आजोबा 'जांगनो', म्हणजे मंडळीचे वडील. सर्व जण पदानेच हाक मारतात. उपासनेनंतर भाताचे जेवण होते, कोणी तरुण सरकारी फॉर्म भरून देतो. तरी आम्हांस एक गोष्ट खटकते. जेथे मान मिळतो तेथेच घरचे दुःख सांगणे कठीण जाते. मुलाची अब्रू जाईल, सुनेला नावे ठेवतील. अतिशय दुखावलेली आजी पुढच्याच बाकावर हसतमुखाने बसलेली असू शकते.

आपल्याही मंडळ्यांतले काही वृद्ध मुलांपाठोपाठ परदेशी गेले आहेत; काही खेड्यातून इंदूर-बडोद्यास आले आहेत. शिक्षकांनी वर्गात एवढेच विचारावे: 'छातीत जड वाटते' म्हणणाऱ्या आजीला डॉक्टरांकडे तर न्यालच, पण परत येताना वाटेत तिला काय विचाराल?